पहिला छाप

पौष वद्य पंचमी, बुधवार. सकाळी दाट धुके, नऊनंतर ऊन. अशा दिवशी एकदा एक ठसेकार आपला नवा लाकडी ठसा घेऊन गुरूंपुढे बसला. त्याचे नाव अंतोबा. नगराध्यक्ष बाजाराचे मैदान एका व्यापाऱ्याला गोदामासाठी देणार होते. पुढच्या गुरुवारी सभेत मतदान होते. तिथे भाजी विकणाऱ्या दीडशे बायकांना उठावे लागणार होते, आणि त्यांत अंतोबाची आईही होती. म्हणून त्याने व्यंगचित्र कोरले होते.

चित्र जोरदार होते. ढेरपोट्या माणूस, डोक्यावर उंच टोपी, तोंडात चिरूट, हातात काटा-चमचा; ताटात अख्खे नगर. अंतोबाच्या भिंतीवर तीन उस्तादांचे जुने छाप होते. दोघे परदेशी होते आणि तिसरा जत्रेत देवांची चित्रे विकता विकता बड्यांची टर उडवणारा देशी कारागीर. पोट पहिल्याचे, टोपी दुसऱ्याची, ताट तिसऱ्याचे.

गुरूंनी शाईचा रूळ फिरवला, पहिला छाप काढला आणि पायांत वहाणा सरकवल्या.

"आबा, कुठे निघालात?"

"अध्यक्षांकडे. ज्याच्यावर चित्र, पहिला छाप त्याच्या घरी. या कारखान्याची रीत आहे."

"अहो, ठसा जप्त करतील! आत घालतील मला!"

"मग चल सोबत. आत घातलंच, तर तुरुंगातला शिधा तरी तुझ्या हातात देता येईल."

अध्यक्ष ओसरीवर बसले होते. अंगाने काडी, एकादशी न चुकवणारे, शेजारी पांढरी छत्री. त्यांनी छाप उन्हात धरला आणि खो-खो हसले.

"वा रे पठ्ठ्या! त्या व्यापाऱ्याची काय जिरवलीस! हे मी कचेरीत लावतो. असा कारागीर नगरात आहे, याचा अभिमान वाटतो."

त्यांनी अंतोबाला नारळ दिला. वाटेत त्याला तो नारळ धोंड्याएवढा जड वाटला.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. नुसतं सांगितलं असतं तर तू माझ्याशी वाद घातला असतास. अध्यक्षांच्या हसण्याशी कसा घालणार?" गुरू पारावर टेकले. "तुझे तिन्ही उस्ताद थोर आहेत. मीही त्यांच्याकडूनच शिकलो. पण ते ज्या पोटाला हसले, ते पोट त्यांच्या गावात हिंडत होतं, त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं. ते आपल्या माणसाकडे बघत होते आणि तू त्यांच्या कागदाकडे बघत बसलास. त्यांची नजर घे, धीटपणा घे. टोपी त्यांची त्यांना परत कर. बाण दुसऱ्याच्या भात्यातला चालतो, बाबा. नेम मात्र आपलाच लागतो."

अंतोबाने पटाशीला हात लावला नाही. गुरुवारपासून तीन दिवस तो अध्यक्षांच्या मागे हिंडला. शनिवारच्या बाजारात त्याची आई पाटी सोडून पुढे झाली. "साहेब, आम्ही कुठं बसावं?" अध्यक्षांनी नमस्कार केला. ते नेहमीच असा नमस्कार करत, हात कपाळापर्यंत उंच. जोडलेल्या हातांआड त्यांचे डोळे झाकले जात. तसेच ते पुढे सरकले आणि त्यांचा पाय पाटीत पडला. मेथीची जुडी चिरडली. अध्यक्षांनी ते पाहिले नाही.

"भक्तिभाव दांडगा हो," शेजारची बाई म्हणाली, "आमची मेथीसुद्धा दिसत नाही!"

अंतोबा हसला नाही. तो घरी गेला आणि नवा ठोकळा घासायला बसला.

बुधवारी सकाळी त्याने पहिला छाप काढला. कपाळापाशी जोडलेले दोन हात, काखेत पांढरी छत्री, पाय भाजीच्या पाटीत. चेहरा नव्हताच.

"कोण आहे हा?" गुरूंनी विचारले.

"तुम्ही सांगा, आबा."

 गुरूंनी वहाणांकडे बोट दाखवले. या वेळी अंतोबा एकटाच गेला.

अध्यक्षांनी छाप हातात घेतला. त्यांनी शेजारच्या छत्रीकडे पाहिले. मग त्यांनी तो पालथा करून ओसरीवर ठेवला.

"असे किती काढलेत?"

"हा पहिला. दीडशे काढायचे आहेत, बाजारात प्रत्येक पाटीला एक."

गुरुवारी दुपारी सभा भरली तेव्हा दारात दीडशे बायका होत्या, प्रत्येकीच्या पाटीला एक छाप. मैदान देण्याचा ठराव सहाविरुद्ध अकरा मतांनी फेटाळला गेला. शनिवारचा बाजार मैदानातच भरला.