एक थेंबही न सांडणारी टाकी

टाक्या आणि इंजिनं एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. नारळी पुनवेची पूजा आटोपून धर्मा तांडेल आपली होडी घेऊन मासेमारीला निघाला. खाडीच्या तोंडाशी खडक दिसू लागले आणि होडीचं म्हातारं इंजिन धापा टाकत बंद पडलं. ओहोटीचं पाणी होडीला सरळ खडकांकडे ओढू लागलं.

धर्माने दोरी खेचली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. त्याने प्लग काढून पुसला, परत बसवला. तरी तेच.

"वय झालं तुझं," शेजारची पेट्रोलची टाकी म्हणाली. "माझ्याकडे बघ. काठोकाठ भरलेय, पण एक थेंब सांडू देत नाही."

आपल्यापायी धर्मा बुडणार, या धास्तीने इंजिनाचा जीव कासावीस झाला. "वय असेल," ते म्हणालं, "पण मला तहान लागलीय गं."

खडक दोन वल्ह्यांच्या अंतरावर आले. धर्माचा हात टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीवरच्या रबरी फुग्यावर पडला. फुगा आत पार चेपला होता. तेव्हा त्याला आठवलं, पूजेआधी होडी धुताना पाणी जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू त्यानेच आवळला होता. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं.

त्याने स्क्रू सैल केला. टाकीने सुस्स करून श्वास घेतला, फुगा भरला आणि पहिल्याच हिसक्याला इंजिन धडधडलं. होडी खडकाला घासता घासता वळली.

"मी एकही थेंब सांडला नव्हता," टाकी पुटपुटली.

"नव्हतास सांडला," इंजिन म्हणालं. "दिलाही नव्हतास."