किल्लीचा डोह

वेळकोंडला आलेल्या माणसाला आधी हा डोह दाखवतात. नदी इथे वळण घेते, पाणी काळंशार होतं, आणि भर उन्हाळ्यातही तळ दिसत नाही. याला किल्लीचा डोह म्हणतात. वाडीत फिरलात तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. इथल्या एकाही घरात बेगमीच्या कोठीला दार नाही. शहरातल्या पाहुण्यांना वाटतं, यांच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय! तसं नव्हे. दारं होती, आणि एका दाराला चांगलं जाडजूड कुलूपही होतं.

ते घर बयजाबाईचं. पावसाळ्याचे चार महिने ही वाडी जगापासून तुटायची. उन्हाळ्यात वाळवून, खारवून, मुरवून ठेवलेलं असेल त्यावरच माणसं तगायची. त्या कामात बयजाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं सांगतात. नाचणीच्या कणग्या, सांडगे, कुरडया, आंबोशी, फणसपोळ्या, लोणच्याचे रांजण. तिची कोठी बघायला पलीकडच्या वाडीतून बायका यायच्या. किल्ली मात्र कायम तिच्या कमरेला असे.

सून भिवरा गरिबाघरची. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात एक फणसपोळी कमी भरली आणि बयजाबाईने चारचौघींत तिला चोर म्हटलं. पुढे ती पोळी उंदराच्या बिळाशी सापडली, पण चुकलं म्हणणाऱ्यांतली बयजाबाई नव्हे. भिवराने चुलीवर हात ठेवून शपथ घेतली, "आत्याबाई, तुमच्या हातानं दिल्याबिगर ह्या कोठीतल्या कणाला मी शिवनार न्हाई." सासूला ते ऐकून बरंच वाटलं म्हणे.

दुसऱ्या वर्षी आषाढात बयजाबाईची लेक सगुणा नदीपलीकडच्या वाडीत बाळंतपणात अडली. बयजाबाईच्या घरात सुनेखेरीज दुसरं कुणी नव्हतं; मुलगा मिठासाठी बैल घेऊन कोकणात उतरला होता, तो तिकडेच अडकलेला. बयजाबाईने दोन-चार दिवस पुरेल इतकं पीठ बाहेर काढलं, सवयीने कुलूप लावलं आणि साकवावरून ती पलीकडे गेली. त्याच रात्री नदीला लोंढा आला आणि साकव वाहून गेला.

नदी ती केवढीशी, पण पाण्याचा आवाज असा की या काठची हाक त्या काठाला पोचेना. बयजाबाई रोज काठावर येऊन आपल्या घराकडे बघे. छपरातून धूर निघताना दिसे. पीठ संपायचे दिवस उलटले तरी धूर होताच. तेव्हा ती लेकीला म्हणाली, "फोडलं गं तिनं कुलूप. शपथ घिऊन फोडलं." बरेच दिवस ती नुसती धुमसत होती. मग श्रावण लागला. मांडीवरचा नातू तिचं बोट घट्ट धरू लागला आणि राग हळूहळू निवळला. "खाऊ दे," ती म्हणायची. "प्वाटाला लागतंच की. किल्ली मीच ठिवून याया हवी हुती." आता धूर दिसला की तिला बरं वाटे. पोर जेवते आहे, एवढं तरी कळायचं.

एका सकाळी धूर दिसला नाही. दुपारीही नाही. पाणी अजून छातीइतकं होतं, तरी जावयाला दोर धरायला लावून बयजाबाई नदीत उतरली.

भिवरा चुलीपाशी निजली होती, अंगाचा नुसता सापळा. बयजाबाईने चुलीवरच्या मडक्याचं झाकण उचललं. आत टाकळ्याचा पाला आणि पाणी. कोठीचं कुलूप तसंच लटकत होतं, गंजून लाल झालेलं. भिवरा कुणाच्या दारात मागायला गेली नव्हती. गेली असती तर सासू कोठीला कुलूप घालून गेली हे वाडीभर झालं असतं. ती रोज ओली लाकडं फुंकून चूल पेटवायची आणि पाला उकडून खायची. धूर बघून शेजारणी निर्धास्त होत्या. बयजाबाईच्या घरात अन्नाला काय तोटा!

भिवराने डोळे उघडले. "आत्याबाई, कोठी बघून घ्या," ती म्हणाली. "जशी ठिवलीसा तशीच हाय."

बयजाबाईने कुलूप उघडलं. फणसपोळी पाण्यात कुस्करून ती सुनेच्या तोंडाशी नेऊ लागली. "मी देतीया गं. माझ्या हातानं देतीया. खा माझे बाय." घास घशाखाली उतरला नाही. दिवस मावळायच्या आत भिवरा गेली.

कोठीचं दार उचकटून बयजाबाईने ते सुनेच्या सरणावर ठेवलं आणि किल्ली या डोहात टाकली. कोठीतलं सगळं तिने घरोघर वाटलं. मुलगा दिवाळीला परतला. त्याला तिने काय सांगितलं ते कुणालाच ठाऊक नाही. त्यानंतर दर पावसाळ्यात ही म्हातारी न विचारता कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरे आणि मडक्यावरचं झाकण उचलून बघे. आधी बायका चिडल्या. मग एकेकीने आपल्या कोठीचं दार काढून टाकलं.

आजही पावसाळ्यात इथली शेजारीण अशीच आत येते. चुलीच्या जागी गॅस आला, मडक्याच्या जागी पातेलं, पण ती आधी झाकण उचलते आणि मगच बरी आहेस का म्हणून विचारते. आत नुसतं पाणी दिसलं, तर तशीच माघारी जाते आणि पदराखाली झाकून काहीतरी घेऊन येते. त्याला नको म्हणायची वेळकोंडात रीत नाही.