नेहसीसाहेबांच्या भुवया

प्राचीन इजिप्तमध्ये, नाईलकाठच्या एका गावात हेनुत नावाची विधवा आपल्या सासूबरोबर राहायची. भाकऱ्या भाजायच्या आणि गाढवावर लादून बाजारात न्यायच्या, यावर तिचं घर चाले. धान्याची राखण करायची तिची मांजर, मिऊ. नऊ वर्षं राखण करून मिऊ म्हातारपणानं गेली.

आठवड्यानं सरकारी कोठाराचा प्रमुख नेहसी पंचांपुढे उभा राहिला. हा रोज सकाळी भुवयांना काजळ लावल्याशिवाय बाहेर पडत नसे. हेनुतच्या गाढवावर त्याचा कधीपासून डोळा होता.

"ती मांजर माझी होती," तो म्हणाला. "पोटच्या पोरीसारखी! या बाईनं तिला उपाशी मारलं. भरपाई म्हणून हिचं गाढव मला द्या."

पंचही त्याला टरकून होते. त्यांनी हेनुतला पुढे बोलावलं.

हेनुतनं कपाळावर ओढलेलं फडकं सोडलं. "पंचहो, घरातलं मांजर गेलं की आपल्याकडे सगळं घर भुवया भादरतं. या माझ्या बघा. या माझ्या सासूबाईंच्या बघा. साहेबांची तर पोटची पोर गेली, आणि भुवया आजही काजळ लावून मिरवताहेत!"

नेहसीचा हात नकळत भुवईवर गेला आणि काजळ गालभर फासलं गेलं. आधी पंच हसले, मग सगळं गाव हसलं. गाढव हेनुतकडेच राहिलं.

घरी जाताना तिनं मिऊला पुरलं होतं तिथं एक ताजा मासा ठेवला, हात जोडले.

"तुझे उपकार कसे फेडू गं, बाई? गेल्यावरसुद्धा एक उंदीर हाकललास."