कॉम्प्युटरात न मावलेल्या म्हशी

येळगावात म्हाळू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे अगदीच भोळा. सांगितलेलं काम तो कधी चुकवायचा नाही. पण त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. नवी आत शिरली की जुनी बाहेर पडायची. आणि जी आत असेल ती म्हाळू दिसेल तिथे लावून मोकळा व्हायचा.

म्हाळू गावच्या दूध सोसायटीत कॅन घासायचा. थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्यात हात घालून त्याची बोटं फुटायची. एक दिवस तालुक्याच्या दूध संघानं सोसायटीला कॉम्प्युटर दिला. तेव्हा कॉम्प्युटर ही फार नवलाची वस्तू होती. त्याच्यासाठी खोली रंगवली, पंखा लावला, दारात चपला काढायला पायपुसणं टाकलं. सोसायटीचे चेअरमन दिनकरआबा म्हणाले, "म्हाळू, उद्यापासून तू कॅन सोड. ह्या खोलीत बसायचं आणि फडक्यानं धूळ पुसायची."

म्हाळूला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याची बायको सगुणा गल्लीभर सांगत सुटली, "आमचे हे पंख्याखाली बसतात."

पण संघाच्या साहेबांची एक अट होती. गावातल्या सगळ्या म्हशींची माहिती कॉम्प्युटरात भरायची. म्हशीचं नाव, मालक, वेत, दूध, सगळं. साहेब महिन्याभरानं बघायला येणार. एक जरी म्हैस बाहेर राहिली तरी कॉम्प्युटर परत जाणार.

"आणि कॉम्प्युटर गेला," आबा म्हणाले, "तर म्हाळ्या, तू परत कॅन घासायला."

म्हाळूनं आपल्या बोटांकडे बघितलं आणि मान हलवली.

माहिती भरायला शहरातून काणेकर नावाचे इंजिनिअर आले. दिवसभर बसून त्यांनी वरच्या आळीच्या म्हशी भरल्या. संध्याकाळी वीज गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटरात एकही म्हैस नव्हती.

"कुठं गेल्या?" म्हाळूनं टेबलाखाली वाकून बघितलं.

काणेकर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, ह्याची मेमरी विजेवर चालते. वीज गेली की सगळं पुसलं जातं. म्हणून लाइट जायच्या आत, आत आहे ते सगळं बाहेर फ्लॉपीवर, म्हणजे ह्या चकतीवर, उतरवून ठेवायचं. मीच विसरलो. तू तरी आठवण करून देत जा."

"लाइट जायच्या आत, आतलं सगळं बाहेर." म्हाळूनं पक्कं ध्यानात ठेवलं.

घरी आला, हातपाय धुतले, जेवायला बसला, तोच दिवा लुकलुकायला लागला. म्हाळू ताटावरून उठला. आधी हंडे-कळशा बाहेर काढल्या. मग अंथरुणं, मग पिठाचा डबा, मग चुलीवरची आमटी. कोपऱ्यात सासूबाईंची खाट होती. सासूबाई खाटेवर घोरत होत्या. म्हाळूनं खाट ओढत ओढत अंगणात नेली आणि तुळशीजवळ लावली. सासूबाईंना जाग आली तेव्हा गल्लीतलं कुत्रं त्यांचे पाय हुंगत होतं.

सगुणा ओरडली, "अहो, हे काय मांडलंय?"

"लाइट चाललीय. आतलं सगळं पुसलं जाईल."

"माझी आई पुसली जाईल? अहो, आपली वस्तू अशी उघड्यावर टाकतात का? बाहेर दिसेल ते उचलून आत ठेवायचं आणि झाकण लावायचं, दार लावायचं! एवढंही कळत नाही?"

"बाहेरचं आत ठेवायचं, झाकण लावायचं." म्हाळूनं पक्कं ध्यानात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर मध्येच अडला. खालच्या आळीच्या म्हशी आत जाईनात. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. काणेकर म्हणाले, "मेमरी भरली. चौसष्ट केच आहे ह्याला. के म्हणजे आपलं ते जागेचं माप. अजून मेमरी विकत आणून आत चढवावी लागेल."

त्यांनी शहरातून मेमरीचं कार्ड आणलं. हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या मुंगळ्यांसारख्या चिपा. कॉम्प्युटरचं झाकण काढलं, स्क्रू काढून टेबलावर ठेवले, पान्हे ठेवले, चष्मा काढून ठेवला आणि चहा प्यायला गेले.

म्हाळू धूळ पुसायला आला. बघतो तर झाकण उघडं आणि सगळ्या वस्तू बाहेर. त्याला सगुणाचा चेहरा आठवला. त्यानं स्क्रू उचलून आत टाकले. पान्हे आत टाकले. चष्मा आत ठेवला. काणेकरांची पानाची डबी होती, ती पण जरा दाबून बसवली. वर झाकण लावलं आणि शेजारी बसून राहिला.

काणेकर आले. त्यांनी कॉम्प्युटर जरा सरकवला. आतून भांड्यांच्या दुकानासारखा आवाज आला.

"माझा चष्मा कुठाय?"

"आत. नीट ठेवलाय. झाकण लावलंय."

काणेकरांनी ते सगळं वेचून काढेपर्यंत दुपार झाली. पानाच्या डबीतला चुना मात्र निघता निघेना. ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "म्हाळू, बाबा, मशीनमध्ये वाटेल ते कोंबत नाहीत! हे बघ. हे कार्ड दोन्ही कडांना धरायचं. खाचेवर सरळ टेकवायचं. आणि टक् असा आवाज येईपर्यंत वरून दाबायचं. मग बसतं."

"कडांना धरायचं, टक् वाजेपर्यंत दाबायचं." म्हाळूनं पक्कं ध्यानात ठेवलं.

कार्ड बसलं. कॉम्प्युटर पुन्हा म्हशी घ्यायला लागला. आबांना खबर गेली. आबा बघायला आले. आता आबा म्हणजे अंगानं भरलेला माणूस. कॉम्प्युटरच्या खोलीत नवी, हातांची, अरुंद खुर्ची होती. आबा निम्मे बसले आणि निम्मे वर राहिले.

"काय रे ही खुर्ची? बसताच येईना मला."

म्हाळू लगबगीनं मागे आला. त्यानं आबांना दोन्ही खांद्यांना धरलं. सरळ केलं. आणि सगळा भार टाकून दाबलं.

"अरे, अरे, काय करतोस?"

"अजून टक् वाजलं नाही, आबा."

त्यानं आणखी दाबलं. टक् वाजलं. खुर्चीचा पाय मोडला होता. आबा खाली आणि खुर्चीचे दोन्ही हात आबांच्या कमरेला अडकलेले. काणेकरांनी आणि म्हाळूनं ओढून ओढून ते सोडवले.

आबांनी कमरेवर हात ठेवून म्हाळूला फैलावर घेतलं. "अरे नंदीबैला! जे मावत नाही ते दाबतोस कशाला? मावत नसेल तर तिथनं हलवायचं! मुकाट्यानं दुसरीकडं नेऊन सोडायचं! एवढी साधी गोष्ट! आता पुन्हा घोटाळा केलास तर साहेबांची वाट बघणार नाही, आजच कॅन घासायला बसवीन."

म्हाळू घाबरला. "मावत नसेल तर दुसरीकडं नेऊन सोडायचं." त्यानं इतकं पक्कं ध्यानात ठेवलं की वाटेनं पुटपुटत घरी गेला.

साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या आळ्या भरून झाल्या. फक्त आबांची आळी राहिली होती. आबांनी मोठेपणानं सांगितलं होतं, आधी लोकांच्या म्हशी घाला, आमच्या भावकीच्या शेवटी. काणेकरांनी आबांची पहिली म्हैस घातली आणि कॉम्प्युटर पुन्हा अडला.

"आणा अजून एक पट्टी," आबा म्हणाले.

"नाही चढत, आबा. ह्या मॉडेलला एवढीच मेमरी बसते. मोठा कॉम्प्युटर घ्या, नाहीतर म्हशी दोन फ्लॉप्यांवर वाटून ठेवू."

"साहेबांना सगळ्या एकदम दिसायला हव्यात."

"मग तुमच्या आळीच्या म्हशी काही ह्याच्यात मावत नाहीत."

आबा खांदे पाडून घरी गेले. काणेकरांनी पिशवी आवरली. म्हाळू मात्र हसत घरी गेला. काय करायचं ते त्याला एकट्यालाच माहीत होतं.

सकाळी तो आबांच्या दारात हजर. "काकी, साहेब यायचेत. म्हशी जरा ओढ्यावर धुऊन आणू?"

काकी म्हणाल्या, "आण बाबा. गुणाचा आहेस."

त्यानं भावकीच्या सगळ्या गोठ्यांतून असंच विचारलं. आळीतली माणसं कमान बांधायला गेली होती. कुणी नाही म्हटलं नाही.

दहाला साहेबांची जीप आली. हार झाले, पेढे झाले. साहेब कॉम्प्युटरपुढे बसले. "काय चेअरमन, गावातल्या सगळ्या म्हशी मावल्या?"

आबांनी घसा खाकरला. तेवढ्यात म्हाळू पुढे झाला. "मावल्या, साहेब. गावात आहेत तेवढ्या सगळ्या आत आहेत. एक जरी बाहेर दिसली तर माझं नाव बदला."

साहेब हट्टी होते. त्यांनी गाव पालथं घातलं. दिसेल त्या म्हशीचं नाव विचारायचं, परत यायचं, काणेकरांना शोधायला सांगायचं. प्रत्येक वेळी म्हैस पडद्यावर! आबांचं तोंड उघडं ते उघडंच. काणेकर चष्मा पुसून पुसून बघत होते.

साहेबांनी आबांची पाठ थोपटली. "कॉम्प्युटर तुमचाच."

जीप गेली. आबांनी आपल्या गळ्यातला हार काढून म्हाळूच्या गळ्यात घातला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "म्हाळू, आजपासून तू खोलीत कायमचा. पण लेका, इंजिनिअरला जमलं नाही ते तुला कसं जमलं रे?"

तेवढ्यात काकी धावत आल्या. मागून अख्खी भावकी रिकामी दावी घेऊन.

"अहो, म्हशी! सगळ्या गोठ्यांत एक शेपूट शिल्लक नाही!"

आबा हळूहळू म्हाळूकडे वळले.

"म्हाळ्या... माझ्या म्हशी कुठं आहेत?"

"ओढ्यापलीकडच्या वाडीत सोडल्यात, आबा," म्हाळू हार सारखा करत म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं, मावत नसेल तर दुसरीकडं नेऊन सोडायचं. काळजी करू नका. त्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही. तिथं कितीही मावतात."