वाट अडवणारी केशर

एक गाव होतं. गावात मारुतीचं देऊळ एक, तालीम एक आणि बास्केटबॉलचं मैदानही एक. शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी हौसेनं दोन खांब रोवले होते. त्या खांबांखाली केशर नावाची एक मुलगी वाढली. वाढली म्हणजे तशी कमीच. बास्केटबॉल हा उंचांचा खेळ, आणि केशर जेमतेम आईच्या खांद्याएवढी. आईनं तिला दूध पाजलं, झोक्याच्या दोरीला लोंबकळवलं, शेजारणींनी सांगितलं ते ते चाटवलं. उंची काही वाढली नाही. चपळाई तेवढी वाढली.

ती चपळाई अंगणात कमावलेली होती. उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या की कोंबड्यांवर नजर ठेवायचं काम केशरकडे असे. आधी ती एका कोंबडीच्या मागे पळायची आणि तेवढ्यात दुसरी येऊन कुरडई पळवायची. आई म्हणाली, "मागं पळू नकोस. तिला जायचंय तिथं आधी जाऊन उभी राहा." केशर उभी राहायला शिकली. गुडघे वाकवून, हात पसरून, डावीकडे-उजवीकडे सरकत. त्या उन्हाळ्यात कुरडया शाबूत राहिल्या आणि कोंबड्या रोडावल्या.

केशर मोठी झाली. जिल्ह्याकडून खेळली, राज्याकडून खेळली, आणि शेवटी शहरातल्या एका पगारी संघानं तिला घेतलं. संघाचे मालक अण्णासाहेब, दुधाचे मोठे व्यापारी. तिथं केशर पॉइंट गार्ड झाली. म्हणजे चेंडू पुढं न्यायचा, डाव मांडायचा आणि जिची जागा चांगली तिच्या हातात चेंडू द्यायचा. पण तिचं नाव झालं ते दुसऱ्याच कामामुळं. समोरच्या संघातली सगळ्यात भारी खेळाडू केशरच्या वाट्याला दिली, की त्या दिवशी ती खेळाडू साधी होऊन जाई. केशर तिला ढकलत नसे, ओढत नसे. तिला जायचं असे तिथं आधीच उभी असे.

नाव झालं ते खेळाडूंमध्ये. गावात नाही.

गावानं एक रीत पाडली होती. केशरचा सामना असला की ग्रामपंचायतीच्या पडवीत टीव्ही लागे. भिवातात्या शेकोटी करून हलगी तापवत बसत. केशरनं बास्केट केलं की हलगी वाजवायची, असं ठरलेलं. बिचारे भिवातात्या सामना संपेपर्यंत हलगी तापवत राहायचे आणि तशीच, न वाजवता, काखेत मारून घरी जायचे. शेजारच्या गावातली माणसं विचारू लागली, तुमची केशर तिथं पाणी द्यायला असते का हो? त्यावर कुणीतरी म्हणालं, पाणी देणारी असती तर निदान टीव्हीत दिसली असती.

आईनं यातलं काही केशरच्या कानावर घातलं नाही. फोनवर ती एवढंच विचारी, जेवलीस का, पाय दुखतात का, झोप लागते का. केशर सगळं ठीक आहे म्हणाली, की आईला जास्तच घोर लागे. आईला काळजी करायला कारण लागत नाही. कारण नसलं, तर कारण का नाही याचीच काळजी.

पण गावातली बातमी गावात राहत नाही. मावशीच्या तोंडून ती केशरपर्यंत पोचलीच. केशरला ते लागलं. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं खेळतोय की नुसत्याच उभ्या आहोत?

पुढच्या सामन्यात ती उभी राहिलीच नाही. चेंडू हाती आला की जाळीकडं धावायची, मिळेल तिथून फेकायची. पाच बास्केट केली तिनं. गावात हलगी कडाडली, पोरं नाचली, भिवातात्यांचे डोळे भरून आले. इकडं केशर पुढं धावत होती आणि तिच्या पाठीमागची मोकळी वाट धरून समोरच्या पोरी खुशाल बास्केट करत होत्या.

सामना संपल्यावर तिनं आईला फोन लावला. हलगी वाजली का, म्हणून विचारलं.

"वाजली की. सगळी गल्ली गोळा झाली होती," आई म्हणाली. "जिंकलात ना?"

"नाही. हरलो."

आईनं विचारलं, "मग वाजवली कशाला?"

केशरला हसू आलं आणि रडूही आलं. त्या दिवसापासून ती पुन्हा आपल्या जागी उभी राहू लागली. आणि आई तडक भिवातात्यांकडं गेली. तात्यांना तिनं समजावलं, की केशर जिच्यापुढं उभी असते त्या पोरीकडं बघायचं, आणि तिचा नेम चुकला की वाजवायचं. तात्यांना हे आधी उलटंच वाटलं. दुसऱ्याचं चुकलं म्हणून हलगी वाजवणं बरं दिसतं का, असंही ते म्हणाले. पण तापवलेली हलगी परत न्यायचा त्यांना कंटाळा आला होता.

केशरचा संघ जिंकत जिंकत अंतिम सामन्यापर्यंत गेला. समोरच्या संघात होती वसईची रोझलिन. उंच, देखणी, आणि नेम असा की चेंडू जाळीत जात नाही, जाळीच चेंडूपाशी येते, असं लोक म्हणत. सामन्यामागं तीस गुण म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ.

सामन्याच्या आदल्या दिवशी अण्णासाहेबांनी केशरला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण साऱ्या आयुष्यात त्यांनी दूध मापानं घेतलं होतं आणि मापानं विकलं होतं. जे मापात येत नाही ते त्यांना दिसत नसे.

"केशर, तू चांगली मुलगी आहेस," ते म्हणाले. "पण दुकानात जे दिसतं तेच खपतं. उद्या तुझे दहा गुण झाले, तर पुढच्या वर्षीही तू आमची. नाहीतर तुझी जागा मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

केशर खोलीवर आली. तिला खेळायचं होतं, अजून पुष्कळ वर्षं खेळायचं होतं. दुसरं काही तिला येतही नव्हतं. दहा गुण काही फार नव्हते. एका बास्केटचे दोन, म्हणजे पाच वेळा पुढं धावलं की झालं. पण तेवढ्या वेळा रोझलिन मोकळी सुटणार, आणि मोकळी रोझलिन म्हणजे हातचा सामना गेला. केशरनं खूप विचार केला. असल्या वेळी शहाणी माणसं काय करतात, तेही आठवून पाहिलं. काही आठवलं नाही. मग ती झोपून गेली.

सामना सुरू झाला आणि केशर रोझलिनपुढं जाऊन उभी राहिली. रोझलिन डावीकडं वळली, केशर डावीकडं. उजवीकडं वळली, केशर उजवीकडं. रोझलिननं हात उंचावला, तर तिच्या हनुवटीशी केशरचे दोन्ही हात. अर्धा सामना झाला तरी तिला मोकळा श्वास मिळेना.

"तुला घरदार नाही का गं?" रोझलिन वैतागून म्हणाली.

"आहे की. सामना संपला की जाते."

गावात त्या दिवशी हलगी इतकी वाजली, की भिवातात्यांनी दुसऱ्या दिवशी भाकरी डाव्या हातानं खाल्ली.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत होते. केशरनं रोझलिनच्या हातून चेंडू काढून घेतला आणि ती जाळीपाशी पोचली. समोर एक उंच पोरगी आडवी आली. तिच्यावरून चेंडू फेकता आला असता, पण पलीकडं तिच्याच संघातली शबाना एकटी उभी होती. केशरनं चेंडू शबानाला दिला. शबानानं तो अलगद जाळीत टाकला आणि सामना जिंकला.

पेढे वाटले गेले. वर्तमानपत्रात शबानाचा फोटो आला. केशरचे गुण झाले होते चार.

अण्णासाहेब खूश होते, पण शब्द तो शब्द. शिवाय केशरच्या जागी कुणाला आणायचं हेही त्यांनी ठरवलं होतं. रोझलिनलाच. केशरनं आईला घरी येते म्हणून कळवलं. आईनं एका दमात विचारलं, कधी येतेस, बरोबर कोण आहे, आणि जेवायला काय करू.

केशर खोलीची किल्ली द्यायला अण्णासाहेबांच्या कचेरीत गेली, तर आत रोझलिन बसलेली. अण्णासाहेब तिला म्हणत होते, की केशरची जागा आता तुझी, पगार, घर, हवं ते सांग, तुझी अट मान्य.

"माझी एकच अट आहे," रोझलिन म्हणाली. "केशरला काढायचं नाही."

अण्णासाहेब हसले. "अगं, अंतिम सामन्यात तिचे गुण किती झाले माहीत आहेत का? चार."

"आणि माझे?"

अण्णासाहेबांनी गुणांचा कागद पुढं ओढला. रोझलिनचे त्या दिवशी सहा झाले होते.

"माझं माप नेहमी तीसचं असतं," रोझलिन म्हणाली. "बाकीचं कुठं गेलं ते तिला विचारा. पुन्हा तिच्यासमोर खेळायची पाळी येऊ नये, म्हणून तर मी तुमच्याकडं येतेय."

अण्णासाहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मापात न आलेलं दूध दिसलं. दारात उभ्या असलेल्या केशरकडं पाहून ते म्हणाले, "किल्ली तुझ्याकडंच असू दे, बाळ."

केशर आणि रोझलिन पुढं कितीतरी वर्षं एका संघात खेळल्या आणि पुष्कळ जिंकल्या. रोझलिनच्या फक्त एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. सामन्यात समोर येणारी केशर वर्षातून फार तर दोनदा भेटली असती. सरावात मात्र ती रोज सकाळी समोर उभी असे, गुडघे वाकवून, हात पसरून, हसत.

तात्पर्य: मिळवणाऱ्याइतकीच राखणाऱ्याचीही किंमत असते, ती आपल्याला दिसत नसेल, तर ज्याची वाट अडली त्याला विचारावी.