हनोख नावाड्याची ओ

फार वर्षांपूर्वी, गोदेवर हा पूल नव्हता तेव्हा, आपल्या बोरठाणात हनोख नावाचा नावाडी होऊन गेला. ख्रिस्ती वस्तीतला. बायको मागेच वारलेली, घरात तबीथा नावाची एकुलती एक लेक. हनोख रोज पहाटे होडीत गुडघे टेकायचा आणि म्हणायचा, "प्रभू, आज जो हाक मारील, त्याच्या तोंडून तूच बोलावतोस असं धरीन." बस, एवढीच प्रार्थना. मग पलीकडून सावकार हाक मारू दे की भिकारी, हा भरल्या ताटावरून उठायचा. "ओऽऽ, आलो!" म्हणायचा आणि होडी सोडायचा. असं म्हणतात, की त्याची ओ ऐकून पलीकडच्या बैलांचेही कान उभे राहायचे. हसता काय? ऐका पुढं.

एका वर्षी पलीकडच्या गावांत पटकी आली. हगवण-ओकारीनं माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. आपल्या पाटलानं होडी काठावर ओढून पालथी घालायला लावली. पोराबाळांचं गाव, भीती कोणाला नसते? पण एका सकाळी पलीकडून बाईची हाक आली.

हनोखनं होडी सुलटी केली. पाटील आडवा आला. "हनोख्या, जातोस तर जा. पण परत या काठाला पाय लावायचा नाही. सांगून ठेवतो!"

"बरं, पाटील," हनोख म्हणाला. लेकीला म्हणाला, "पोरी, भाकरी झाकून ठेव." आणि गेला.

बाई अर्धमेली होती, कडेवर तान्हं पोर. तिकडचं गाव तिला ठेवून घेईना, इकडचं उतरू देईना. हनोखनं घाटाच्या खालच्या अंगाला, नदीतल्या बेटाला होडी बांधली आणि तिथंच राहिला. त्यानं तिला पेज पाजली, तिची घाण काढली. ती गेली, तेव्हा बेटावरच्या वाळूत पुरली. मग आणखी हाका आल्या. त्यांनाही आणलं, त्यांनाही पुरलं. असं म्हणतात, की प्रेतांना जागा पुरावी म्हणून ते बेट तेव्हा रोज थोडं थोडं वाढायचं.

तान्हं तेवढं जगलं. तबीथा वाळक्या भोपळ्यात शेळीचं दूध भरून प्रवाहात सोडायची, आणि भोपळा नेमका होडीलाच जाऊन लागायचा, असं म्हणतात.

दिवेलागणीला ती घाटावर उभी राहायची. "बाबाऽऽ, घरी या!"

आता बघा, साऱ्या जगाच्या हाकेला धावलेला हा माणूस लेकीला नुसती "ओ" द्यायचा. "आलो" म्हणायचा नाही. आपण गेलो तर रोग तिला लागेल, हे त्याला कळत होतं. ओ देऊन झाली की तो होडीत तोंड खुपसून रडायचा. पोरीला त्याचं रडणं दिसत नव्हतं. ती चिडायची, पाण्यात दगड भिरकावायची. "साऱ्यांचे तुम्ही, आणि मी कोणीच नाही का?"

"ओ," एवढंच यायचं.

एका सकाळी ती अंगण झाडत होती. तिनं हाक मारलीच नव्हती. तोच नदीवरून आवाज आला, "ओऽऽ, आलो!" झाडू टाकून पोर पळाली. बाबा ओले असतील म्हणून दोरीवरचं धोतर ओढून घेतलं. होडी उलट्या प्रवाहानं वर येत होती, वल्हं मात्र हलत नव्हतं. पाटील स्वतः बाजूला झाला. हनोख बसल्या बसल्या गार पडला होता आणि त्याच्या मांडीवर ते तान्हं भुकेनं रडत होतं.

"मी तर बोलावलं नव्हतं," तबीथा म्हणाली. "बाबांनी ओ कोणाला दिली?"

मग तिचं तिलाच कळलं. वर बघून ती ओरडली, "तू बोलावलंस तेव्हा बरे लगेच आले!" देवावरचा तो राग तिनं जन्मभर सोडला नाही. ते तान्हं तिनंच वाढवलं. पण घाटावर ती पुन्हा कधी गेली नाही.

म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली, बोलणं बंद झालं. शेवटच्या दिवशी दिवेलागणीला एकदम उठून बसली आणि पोरीच्या आवाजात म्हणाली, "बाबाऽऽ, घरी या!"

घरातल्या साऱ्यांनी ऐकलं, असं म्हणतात. नदीवरून आवाज आला, "ओऽऽ, आलो!"

तेव्हापासून बोरठाणात कोणाला घरघर लागली, की नदीकडचं दार सताड उघडतात आणि रडणाऱ्यांना गप्प बसवतात. हाक नदीपर्यंत पोचायला हवी ना.