कुंकू लावलेली स्प्रिंग

रस्त्यावर मोटारी मोजक्याच धावायच्या, तेव्हाची गोष्ट. शर्यतीच्या एका गाडीच्या इंजिनात एक स्प्रिंग राहायची. कॅमशाफ्ट व्हॉल्व्हला खाली ढकलायचा आणि पिस्टन वर यायच्या आत ही त्याला मागे ओढून घ्यायची. गाडी जिंकली, म्हणून दसऱ्याला तातोबा मिस्त्रींनी या स्प्रिंगला कुंकू लावलं.

पुढच्या शर्यतीसाठी तातोबांनी जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्हला आणखी खोल ढकलणारा कॅमशाफ्ट बसवला. व्हॉल्व्हही नवा आणला.

"स्प्रिंग बदलायला नको व्हय?" गाडीमालक रावसाहेबांनी विचारलं.

"कुंकू लावलंय तिला. ती बदलायची न्हाई."

नवा व्हॉल्व्ह हरखला. "ताई, तुझ्यासारखी जाणती सोबत मिळाली. नशीब माझं!"

"नशीब कसलं? एवढ्या खोलातून तुला वेळेत ओढायचा जोर माझ्यात नाही रे."

"मग सांग की त्यांना!"

"कसं सांगू? मी आवाज केला की ते तेल घालतात."

शर्यतीत स्प्रिंग खूप कुरकुरली. मग जीव खाऊन तिनं ओढलं, पण उशीर झाला. पिस्टन आदळला आणि व्हॉल्व्ह वाकून मेला.

तातोबांनी इंजिन उघडलं. "कच्चा माल निघाला," म्हणत त्यांनी व्हॉल्व्ह भंगारात फेकला. स्प्रिंग मात्र मऊ फडक्यानं पुसून कपाळाला लावली. "हिला बघा, काय झालं न्हाई!"

दुसरा व्हॉल्व्ह आला. शेजारी बसताच हसून म्हणाला, "ताई, तुझी सोबत मिळाली. नशीब माझं!"

या वेळी स्प्रिंगनं आवाजही केला नाही.